आरामशीर हॉल आणि बाल्कनीतली खुर्ची

प्रश्न: ताई, गेल्या काही महिन्यांत आम्ही हॉल पूर्ण बोहेमियन पद्धतीने सजवला. जुना सोफा देऊन टाकला, जमिनीवर गाद्या आणि मोठाल्या उशा टाकल्या. भिंतीवर मॅक्रमे म्हणजे दोरांच्या गाठींचं काम, खिडकीत ड्रीमकॅचर म्हणजे पिसं लावलेलं जाळीचं कडं, अकरा कुंड्या, फेअरी लाइट्स, कोपऱ्यात पाम्पास गवताचा मोठा गुच्छ. फोटो फार छान येतात. पण खरं सांगू का, तिथे कुणी बसतच नाही. सासूबाईंना खाली बसलं की उठता येत नाही, त्यामुळे त्या त्यांच्या खोलीतच असतात. नवरा म्हणतो, ‘दुकानात राहिल्यासारखं वाटतं.’ मुलीने उशा हलवल्या की माझी चिडचिड होते. दिवसातून चार वेळा मी त्या सरळ करते. अर्धी झाडं पिवळी पडली आहेत. वडिलांची एक वेताची खुर्ची होती, ती या सगळ्यात शोभत नव्हती म्हणून बाल्कनीत काढून ठेवली. आता अजून काय घेतलं तर तो निवांतपणा येईल? की हे सगळं काढून पुन्हा सोफाच आणू?
— उशा सरळ करणारी

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते एका वाक्यासाठी, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. वडिलांची वेताची खुर्ची शोभत नव्हती म्हणून बाल्कनीत गेली! अहो, तुम्ही लिहिलेल्या सगळ्या यादीत खऱ्या अर्थाने बोहेमियन अशी ती एकच वस्तू आहे, आणि नेमकी तीच बाहेर. तिच्याकडे शेवटी येते.

अजून काय घेऊ, याचं उत्तर आहे: काही नाही. निदान तीन महिने काहीही नाही. सोफ्याचंही इतक्यात नको.

मुळात हा शब्द कुठून आला ते बघा, म्हणजे गाडी कुठे रुळावरून घसरली ते कळेल. बोहेमिया हा आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडचा भाग, प्राग शहर त्यातलंच. भटके रोमा लोक तिथून आले असा फ्रेंचांचा समज होता, म्हणून ते त्यांना ‘बोहेमियन’ म्हणायचे. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये पोटमाळ्यांवरच्या स्वस्त खोल्यांत राहणारे कफल्लक चित्रकार, कवी, नट यांनाही तेच नाव चिकटलं. त्यांच्याकडे एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या असतील तर त्या हौसेने नव्हेत. सहा सारख्या खुर्च्यांना पैसे कुठून आणणार? जे मिळालं, जे कुणी दिलं, जे स्वतः केलं, त्यात भागवायचं. आज आपण त्या अडचणीला ‘स्टाइल’ म्हणतो आणि तिचा अख्खा सेट एका दमात घरपोच मागवतो. मागवायला माझी हरकत नाही, मीही मागवलंय. पण मग खोलीचं दुकान झालं की आश्चर्य वाटून घेऊ नये.

तुमच्या नवऱ्याचं निदान अचूक आहे, बरं का. दुकान का वाटतं? सगळ्या वस्तूंचं वय एक आहे म्हणून. एकाच हंगामात बनलेल्या, एकाच रंगाच्या चौकटीतून निवडलेल्या, काही महिन्यांतच घरात शिरलेल्या. कुठलीच झिजलेली नाही, कुठलीच कुणाची नाही. आपल्या डोळ्यांना हे शब्दांत सांगता येत नाही, पण कळतं लगेच.

इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात चार्ल्सटन नावाचं एक शेतघर आहे. व्हेनेसा बेल आणि डंकन ग्रँट हे चित्रकार १९१६ साली तिथे भाड्याने राहायला आले. पहिलं महायुद्ध चालू होतं, लढायला नकार दिलेल्या ग्रँटला शेतावर काम करणं भाग होतं, म्हणून हे घर. सजावटीचा बेत वगैरे काही नव्हता. पण राहायला आल्यावर दोघांनी हाताला लागेल ते रंगवायला घेतलं. दारं, टेबलं, कपाटं, शेकोटीभोवतीची चौकट, पलंगाची डोक्याकडची फळी. ग्रँट १९७८ साली गेला, तोवर त्या घराशी त्याचा संबंध तुटला नाही. आज ते बघायला लोक जातात. फोटोत ते घर एकदम ‘जमून आलेलं’ दिसतं, पण ते जमायला किती दशकं लागली बघा. तुम्ही काही महिन्यांत तिथे पोचायला निघालात.

आता कामाचं बोलू. एखादा मोकळा दिवस बघून हॉल रिकामा करा. खरंच रिकामा: उशा, कुंड्या, गुच्छ, सगळं दुसऱ्या खोलीत. फक्त गाद्या राहू द्या. आणि एक-दोन दिवस तसंच राहा. मुलगी कुठे पोटावर पडून वाचते, नवरा बाहेरून आल्यावर हातातलं सामान कुठे टाकतो, ऊन कुठपर्यंत सरकतं, मोबाइल चार्ज करायला सगळे कुठल्या प्लगपाशी गोळा होतात, हे नुसतं बघा. माझा अंदाज सांगते: तुमचा हॉल दारातून दिसावा असा सजवलेला आहे, कारण फोटो दारातून काढला जातो. कधी त्या उशीवर बसून समोर काय दिसतं ते पाहिलंय? बहुतेक टेबलाची खालची बाजू आणि लोंबणाऱ्या वायरी. ज्या जागी माणूस बसणार, त्या जागेवर बसूनच ती जागा सजवायची असते. मग एकेक वस्तू परत आणा, पण ‘हे आता हवं होतं’ असं कुणीतरी म्हटल्यावरच. जिची कुणाला आठवणही झाली नाही ती वस्तू परत आली नाही तर बिघडत नाही.

बैठकीचं मात्र लगेच बघायला हवं, कारण त्यापायी एक माणूस खोलीबाहेर गेलंय. बोहेमियन म्हणजे सगळ्यांनी जमिनीवरच बसायचं असा नियम कुणी केला देव जाणे. गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला जमिनीपासून साधारण ४५ सेंटीमीटर उंच बैठक लागते, बूड फार रुतणार नाही अशी घट्ट, आणि उठताना जोर द्यायला दोन्ही बाजूंना हात. हे तीन नसेल तर तुम्ही कितीही आग्रह करा, सासूबाई येणार नाहीत, आणि आल्या तरी उठायच्या काळजीत बसतील. (हात असलेली, घट्ट, बेताच्या उंचीची एक बैठक तुमच्या बाल्कनीत आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.) गाद्या राहू द्या, पण भिंतीला टेकवून. पाठीला आधार नसलेल्या गादीवर दहा मिनिटांच्या वर कुणी टिकत नाही. तीन महिन्यांनी वाटलंच तर एक बसका दिवाण घ्या. जमीन, दिवाण, खुर्ची अशा तीन उंचीच्या जागा एका खोलीत असल्या की माणसं आपापल्या सोयीने पसरतात.

उशा नेमक्या किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण चार वेळा सरळ कराव्या लागतात म्हणजे दहाच्या वर असणार. सहा ठेवा. त्यातल्या ज्या बसायच्या आहेत त्या दाबून बघा. मऊ फायबरची उशी वजन पडलं की सपाट होते आणि आपण थेट फरशीवर येतो. तिला कापूस किंवा फोम ठासून भरलेला हवा. चेनवाली खोळ असलेल्याच ठेवा, म्हणजे काही सांडलं तर धुता येईल आणि तुमचा जीव वर-खाली होणार नाही. मुलीवर होणारी तुमची अर्धी चिडचिड त्या न धुता येणाऱ्या खोळींची आहे असं मला वाटतं.

खाली अंथरायला तुमच्याकडे काय आहे कळलं नाही, पण विस्कळीत वस्तूंना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट असेल तर ती गालिचा. तो छोटा नको. खोलीच्या मधोमध पोस्टाच्या तिकिटासारखा पडलेला गालिचा सगळ्या वस्तू सुट्या सुट्या दाखवतो. निदान बैठकीचे पुढचे पाय त्याच्यावर यायला हवेत. किलीम, म्हणजे लव नसलेला सपाट विणीचा गालिचा, झाडायला सोपा आणि उलटूनही वापरता येतो. पण तो हलका असल्याने सरकतो, म्हणून खाली रबराची जाळी घाला. सासूबाई त्याच घरात चालतात. हातविणीचा म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर झालर बघा. खऱ्या विणीत झालर म्हणजे ताण्याच्या धाग्यांचीच उरलेली टोकं, ती विणीतून सरळ बाहेर आलेली दिसतात. मागून शिवलेली किंवा चिकटवलेली झालर असेल तर समजा की ती शोभेपुरती आहे.

या बाबतीत मी स्वतः चांगलीच फसले आहे. एका दुकानातून हौसेने लालभडक किलीम आणलं. त्याच्या बरोबर वर, छताला मॅक्रमेत एक लोंबती कुंडी. बाहेरगावी जाण्यापूर्वी झाडाला भरपूर पाणी घातलं, आणि ते थेंब थेंब खाली गळत राहिलं. चार दिवसांनी येऊन बघते तर लाल रंग शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यात उतरलेला, आणि खाली फरशीवर बशीएवढा गुलाबी डाग. तो डाग अजून आहे. त्याच्यावर मी आता मोडा, म्हणजे वेताचं बसकं स्टूल, ठेवते, आणि येणारे-जाणारे म्हणतात, मोडा काय छान जागी ठेवलाय! तेव्हापासून रंगीत कापड घेताना पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यावर घासून बघते. रुमालाला रंग लागला तर कितीही आवडलं तरी नाही.

नक्षीबद्दल फार बोलत नाही, कारण तिथे ज्याची त्याची आवड. एवढंच बघा, की मोठी नक्षी, बारीक नक्षी आणि साधं कापड हे तिन्ही असावं, आणि एखादा रंग खोलीत तीन-चार ठिकाणी पुन्हा भेटावा. डोळे किलकिले करून खोलीकडे पाहा. सगळीकडेच काहीतरी ओरडतंय असं वाटलं तर एक भिंत पूर्ण मोकळी करा. हो, पूर्ण. एक खिळाही नको. निवांतपणा हवा म्हणता ना, तो त्या भिंतीवर मिळेल.

आता दिवे. फेअरी लाइट्सशी माझं वैर नाही, पण त्यांच्या उजेडात कुणाला काही वाचता येत नाही, आणि त्या बंद केल्या की तुम्ही थेट छतावरच्या पांढऱ्याफटक दिव्याकडे जात असणार. मधलं काहीच नाही. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ऑफिसचा. बैठकीच्या खोलीत २७०० घ्या, पिवळसर आणि उबदार. असे दोन-तीन दिवे वेगवेगळ्या उंचीवर ठेवा, त्यातला एक वाचायच्या जागेपाशी. शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला आली की बल्ब डोळ्यांत घुसत नाही. हा एक बदल केलात तरी उरलेल्या निम्म्या तक्रारी आपोआप कमी होतील. आणि दिव्यावर ओढणी, स्कार्फ टाकून रंगीत उजेड करायची टूम फोटोत दिसते ती मुळीच करू नका, कापड पेट घेऊ शकतं. पाम्पासच्या त्या गुच्छालाही दिवे आणि मेणबत्त्यांपासून लांब ठेवा. वाळलेलं गवतच ते.

ड्रीमकॅचर कुठून आलं ते मुलीला सांगितलंय का? ती उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांची वस्तू. लहान बाळाच्या झोपायच्या जागेवर, त्याची राखण व्हावी म्हणून टांगायची. हे कळल्यावर ते हॉलच्या खिडकीत ठेवायचं, मुलीच्या खोलीत न्यायचं की काढायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला स्वतःला दुसऱ्या कुणाच्या श्रद्धेची वस्तू नुसती शोभेला लावताना जरा अवघड वाटतं.

मॅक्रमेचं मात्र वेगळं. ती गाठींची कला आहे आणि ती तासाभरात हाताशी येते. भिंतीवरचा विकतचा तुकडा उतरवा असं म्हणत नाही, पण मुलीला घेऊन कुंडीची एक शिंकाळी स्वतः करा. चार दोर घ्या. मधले दोन स्थिर. डावा दोर मधल्या दोघांवरून नेऊन उजव्याच्या खाली घाला. उजवा मधल्या दोघांच्या मागून नेऊन डावीकडे झालेल्या फासातून वर काढा, आणि दोन्ही ओढा. ही अर्धी गाठ. आता हेच उजवीकडून सुरू करा, की चौकोनी गाठ पुरी. मुलगी हमखास दुसरी अर्धी विसरेल आणि एकाच बाजूने बांधत जाईल. तिला थांबवू नका, कारण मग दोर आपोआप मळसूत्रासारखा वळत जातो आणि तोही एक रीतसर प्रकार आहे. दोर कापताना हात आखडता घेऊ नका. जेवढी लांबी हवी त्याच्या चौपट धरा, आणि दोर मधोमध दुमडून टांगणार असाल तर आठपट. निम्म्यात दोर संपला की फार चडफडायला होतं. थोडं वाकडं होईलच. ते तुमच्या हॉलमधलं पहिलं असं काही असेल जे दुकानात मिळत नाही.

झाडं पिवळी पडायची दोन कारणं बहुतेक वेळा असतात, जास्त पाणी आणि कमी उजेड, आणि दोन्ही एकत्र आली की मुळं कुजतात. अकरा कुंड्यांना एकाच दिवशी एकेक तांब्या घालत असाल तर तिथेच चुकतंय. मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला, ओल लागली तर पाणी नाही. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं ओतून द्या. उजेडाचं म्हणाल तर खिडकीपासून दोन-तीन पावलं आत गेलं की तो झपाट्याने कमी होतो, आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही पण झाडाला जाणवतं. जी चार-पाच तग धरून आहेत ती खिडकीशी ठेवा, उरलेली उजेडाच्या घरी देऊन टाका. कोपऱ्यात हिरवं हवंच असेल तर स्नेक प्लांट, त्याला दुर्लक्ष मानवतं. घरात मांजर असेल तर मात्र तेही नको, आणि मनी प्लांट, मॉन्स्टेरा यांनाही तिचं तोंड लागू देऊ नका. मांजरांना ही तिन्ही बाधतात.

आणि आता ती खुर्ची. आधी आत आणून ओल्या फडक्याने पुसा आणि बैठकीची जाळी नीट बघा. वेताच्या पट्ट्या तुटल्या असतील तर विणणाऱ्याकडे न्यावी लागेल, घरी काही होणार नाही. पण नुसती मधे खोल गेली असेल तर एक उपाय आहे. खुर्ची उलटी करा. जाळीच्या वरच्या बाजूला बहुधा पॉलिश असतं, पाणी शिरतं ते खालून. जाड टॉवेल गरम पाण्यात भिजवून पिळा आणि जाळीच्या खालच्या बाजूवर अर्धा तास पसरून ठेवा. लाकडाला पाणी लागू देऊ नका. मग टॉवेल काढा आणि सावलीत वाळू द्या, उन्हात नको, वेत तडकतो. वाळताना वेत आक्रसतो आणि जाळी पुन्हा ताणून बसते. नव्यासारखी नाही होणार, पण बसण्याजोगी नक्की होईल.

कुठे ठेवायची ते सासूबाईंना विचारा, बसायच्या त्या आहेत. फक्त ओली असताना तिच्यावर कुणी बसलं तर सगळी मेहनत वाया जाते आणि जाळी आणखी खोल जाते. तेव्हा रात्रभर कुणाला जवळ फिरकू देऊ नका. त्या एका रात्रीपुरतं घरात ओरडलात तरी चालेल.